दोन मिनिटांची शांतता

हेवी मेटल बँडचा ड्रमर ओजस अपघातात गेला. त्याचा सराव सुरू झाला की दार बडवायला येणारे सोसायटीचे चेअरमन गुप्तेच शोकसभेत माइक धरून बसले. काय तो गहिवर! "असा कलाकार पुन्हा होणे नाही. आपण दोन मिनिटं शांतता पाळू."

सगळे उभे राहिले. बँडची गिटारिस्ट केतकी मात्र स्पीकरपाशी गेली.

"गुप्तेकाका, शांतता तुम्ही त्याच्याकडे रोज मागत होतात. आता त्याने ती कायमची दिलीय. आज दोन मिनिटं त्याचं ऐका."

तिने ओजसचं शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. ड्रम कडाडले, हॉलच्या काचा थरथरल्या. सवयीने गुप्त्यांचा हात वर गेला. "अगं, जरा हळू..."

पहिल्या रांगेतून ओजसची आई म्हणाली, "केतकी, अजून मोठ्याने लाव."