तरीवर कोण?

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि तो कधी होईल असे कोणाला वाटतही नव्हते, तेव्हाची ही हकिकत. खाडीच्या अलीकडे निवेखार, पलीकडे कातळपाडा. मध्ये अर्धा कोस पाणी, आणि दोन्ही काठांना चिखल व तिवरांचे रान. येण्याजाण्याला एकच तर, म्हणजे उतारूंना पैलतीरी नेणारी एकच होडी.

कार्तिक सरला की त्या पाण्यावर सकाळचे धुके उतरे. त्या धुक्यात माणसाला स्वतःचा पुढे केलेला हात दिसत नसे. तो हात मागे घेतला, तर कधीकधी दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवल्यासारखा गार निघे, असे म्हणतात. कारण धुक्यात गिऱ्हा असे.

गिऱ्हा म्हणजे पाण्यातले भूत. त्याचीही एक होडी होती, तरीच्या होडीसारखी हुबेहूब. ती अलगद धक्क्याला लागे, उतारू तीत पाय ठेवी आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नसे. गिऱ्ह्याला कोणाचेही रूप घेता येई, कोणाचाही आवाज काढता येई. धंद्याचा शब्द, नात्याचा शब्द तो पोपटासारखा म्हणे. मात्र माणसाचे स्वतःचे नाव त्याच्या जिभेवर ठरत नसे, कारण त्याला स्वतःला नाव नव्हते.

म्हणून निवेखारात एक रीत होती. होडीत पाय टाकण्यापूर्वी उतारूने तीनदा विचारायचे, "तरीवर कोण?" आणि वल्हे धरणाऱ्याने तीनदा आपले नाव सांगायचे. नाव आले तर बसायचे. नाव आले नाही तर मागे वळून न पाहता घर गाठायचे.

त्या काळी तरीवर धाकू तांडेल होता. "तरीवर कोण?" असे विचारले, की धुक्यातून त्याचा जाड आवाज येई, "धाकू." लोक निर्धास्त बसत. त्याची बायको होडीत त्याच्या पाठीशी असे. सहा वर्षांपूर्वी धाकूचे गुडघे गेले, तेव्हापासून वल्हे तिच्या हाती असे आणि उत्तर त्याच्या तोंडी. भरतीचे पाणी कोठे ओढते, ओहोटीला वाळूचा दांडा कोठे वर येतो, हे तिला डोळे मिटूनही कळे. गाव मात्र म्हणे, तांडेलाला बायकोची थोडी मदत होते.

तिला सारे तांडेलीण म्हणत. भाषेच्या नियमाने 'तांडेल' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप 'तांडेलीण' होते, हे खरे. परंतु त्याचा अर्थ होडी चालवणारी असा होत नाही, होडी चालवणाऱ्याची बायको असा होतो. हा फरक निवेखारात कोणी मनावर घेतला नव्हता. तिनेही नाही.

मग एका पौषात धाकू तापाने गेला. तेरा दिवस होडी धक्क्याला बांधलेली राहिली. चौदाव्या दिवशी, उजाडता उजाडता, तांडेलीण उठली, पदर खोचला आणि होडीत जाऊन बसली. दुसरे काही करावे, असे तिच्या मनातही आले नाही.

पहिला उतारू आला तो कासार. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन तो कातळपाड्याला निघाला होता. धक्क्यावर उभा राहून त्याने रीतीप्रमाणे विचारले, "तरीवर कोण?"

तिने तोंड उघडले आणि ती थबकली. या प्रश्नाचे उत्तर तिने आजवर कधी दिलेच नव्हते. नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते. ती म्हणाली, "तांडेलीण."

"तांडेल तर गेला. आता तांडेलीण कुठली? तरीवर कोण?"

"तांडेलाच्या घरची. त्यांची बायको."

"बायको हे नाव नव्हे," कासार म्हणाला. दरवर्षी श्रावणात तिचा हात हातात घेऊन त्याने तिला बांगड्या भरल्या होत्या, तरी त्याला तिचे नाव ठाऊक नव्हते. आता तिच्या हातात बांगड्याही नव्हत्या, की त्यांची किणकिण ऐकून त्याने ओळखावे. तिसऱ्यांदा न विचारताच तो पळाला. पळताना त्याची टोपली पडली. त्या धक्क्याच्या चिखलात अजूनही काचेचे तुकडे सापडतात, असे म्हणतात.

दुपारपर्यंत गावभर झाले, की मेलेल्या तांडेलाची होडी गिऱ्हा चालवतो, तोही बाईच्या रूपाने. गावकर म्हणजे गावचा मुख्य. त्याने चार माणसांत निकाल दिला, की नाव सांगता येत नाही ती बाई असो वा भूत, तरीवर नको. धाकूचा पुतण्या महादू याला होडी मिळाली. कोणीतरी हळूच म्हणाले, की महादूला धुक्यात स्वतःचे घर सापडत नाही. गावकराने उत्तर दिले, "पुरुष आहे. शिकेल."

तांडेलीण घरी बसली. सहा वर्षांत प्रथमच तिचे हात इतके दिवस कोरडे राहिले, आणि कोरड्या हातांना भेगा पडल्या. होडी गेली तर आपण या गावात कोण उरतो, हे तिला उमगत नव्हते. लग्नात तिचे नाव बदलले होते. ताटभर तांदळात नवऱ्याने बोटाने अक्षरे काढली होती, लक्ष्मी. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ शिजले, वऱ्हाडाने भात खाल्ला, आणि त्यानंतर त्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही.

आठव्या दिवशी असे धुके पडले, की कोंबड्यांनाही सकाळ झालेली कळली नाही. त्या दिवशी कातळपाड्याहून शंखाचा आवाज आला. तीनदा, थांबून थांबून. ती अडलेल्या बाळंतिणीची खूण होती. कातळपाड्यात गावकराचीच लेक दिवस भरलेली होती, आणि जाणती सुईण, म्हातारी आनशी, निवेखारात राहत होती.

महादूने होडी सोडली आणि थोड्या वेळाने तो पलीकडे पोहोचला असे समजून खाली उतरला, तो निवेखारच्याच धक्क्यावर. दुसऱ्यांदाही तसेच झाले. तिसऱ्यांदा त्याने वल्हे टाकून दिले. पाण्यात आपल्या शेजारून कोणीतरी चालत होते, एवढेच तो म्हणाला, आणि घरी जाऊन कांबळे पांघरून पडला.

शंख पुन्हा वाजला, या वेळी बारीक. आनशी तांडेलिणीच्या दारात गेली आणि म्हणाली, "ऊठ गो." ती उठली. पुढे जाऊन तिने होडी सोडली, वळवून धक्क्याला लावली. मागून आनशी आणि गावकर आले. आनशीने रीतीप्रमाणे हाक दिली.

"तरीवर कोण?"

"तांडेलीण," ती म्हणाली.

"तांडेलीण," धुक्यातून आवाज आला. तिचाच आवाज.

धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला एक होडी लागली होती. तेच वल्हे, तेच लुगडे, तेच भेगाळलेले हात. त्या होडीतली बाई मान वळवून तिच्याकडे पाहत होती. क्षणभर तिलाच कळेना, की आपण कोणत्या होडीत आहोत.

"तरीवर कोण?"

"तांडेलाच्या घरची," ती म्हणाली. "तांडेलाच्या घरची," दुसरी म्हणाली.

"तरीवर कोण?"

तिने तांदळातले नाव आठवून आठवून काढले. "लक्ष्मी." आणि दुसरीनेही म्हटले, "लक्ष्मी." ते नाव कोणाला लागलेच नव्हते. रिकामे होते, म्हणून गिऱ्ह्यालाही उच्चारता आले.

तीनदा विचारून झाले होते. गावकराने आनशीचा दंड धरला आणि तो मागे वळला. आनशीने दंड सोडवून घेतला. तिने उभ्या आयुष्यात शेकडो पोरी जन्मताना पाहिल्या होत्या. रीत मोडून तिने चौथ्यांदा विचारले.

"बारशाला आत्याने तुझ्या कानात काय सांगितले गो?"

धुके गप्प झाले. तिला माहेरचे अंगण आठवले, पेजेचा वास आठवला, आणि तिन्हीसांजेला दारातून येणारी हाक आठवली. वीस वर्षे जिभेखाली राहिलेले नाव खडीसाखरेसारखे वर आले.

"तानू," ती म्हणाली.

दुसऱ्या बाईने तोंड उघडले. त्या तोंडातून शब्द आला नाही, खाडीचे पाणी आले. ते वाहतच राहिले. लुगडे भिजले, होडी भरली, आणि धक्क्याजवळ नुसता फेस उरला.

आनशी तानूच्या होडीत बसली. गावकर काठावर उभा राहिला.

अर्ध्या खाडीत मागून हाक आली. आवाज जाड होता, ओळखीचा. "अगो, मी मागे राहिलो. गुडघे दुखतात. मला घे."

तानूचे वल्हे थांबले. डोळ्यांत पाणी आले, असे म्हणतात, पण तिने मान वळवली नाही. तिने विचारले, "तिथे कोण?"

"तुझा नवरा."

होडी तशीच डुलत राहिली. मग तानू हलकेच म्हणाली, "नवरा हे नाव नव्हे." आणि तिने वल्हे पाण्यात घातले.

गावकराच्या लेकीला मुलगी झाली. दोघी वाचल्या. धुके विरल्यावर गावकर पलीकडे गेला तो तानूच्याच होडीतून. बसण्यापूर्वी त्याने तीनदा विचारले आणि तिने तीनदा सांगितले. परतल्यावर त्याने चार माणसांना कळवले, की आजपासून तरीवर तानू तांडेल आहे. कोणीतरी सुधारले, "तांडेलीण." गावकर म्हणाला, "तांडेलीण म्हणजे तांडेलाची बायको. ही तांडेल आहे."

कासारही आला, नवी टोपली घेऊन. त्याने विचारले, "तरीवर कोण?" उत्तर आले, "तानू. आणि धक्क्यावर कोण?" तो म्हणाला, "कासार." ती म्हणाली, "कासार हे नाव नव्हे." त्यालाही आपले नाव आठवायला जरा वेळ लागला, असे म्हणतात.

तानूने पुढे एकतीस वर्षे तर चालवली. तिच्या होडीतून एकही माणूस हरवला नाही. शेवटी माघातल्या एका सकाळी होडी धक्क्याला बांधलेली आढळली. वल्हे ओले होते आणि ती नव्हती. लोकांनी धुक्यात हाका मारल्या, "तरीवर कोण?" पाण्यावरून कोणीतरी तीनदा नाव सांगितले, आणि धुके विरले.

आता खाडीवर पूल आहे. निवेखारात लग्न झाले, की तांदळाचे ताट आजही येते, पण त्यात बोट फिरवते ती नवरी, आणि लिहिते ते बारशाचे नाव. ते तांदूळ शिजवत नाहीत, खाडीत सोडतात. मग ती सासरच्या दारात उभी राहते. आतून घरातली वडील बाई विचारते, "उंबऱ्यावर कोण?" नवरी तीनदा आपले नाव सांगते. प्रत्येक वेळी सारे वऱ्हाड श्वास रोखून खाडीकडे कान देते. काही ऐकू आले नाही, की ती माप ओलांडते.

एका वर्षी एक नवरी लाजली आणि मान खाली घालून म्हणाली, "या घरची सून."

"या घरची सून," खाडीकडून आवाज आला. तिचाच आवाज.

वाजंत्री थांबली. नवरीने मान वर केली आणि आपले नाव असे खणखणीत उच्चारले, की ते कातळपाड्यात ऐकू गेले. तेव्हापासून निवेखारात उंबऱ्यावर कोणी लाजत नाही.