गिटाररावांची घूंघूं

वाद्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. गिटारराव मोठे विद्वान, पण भित्रे. दणदणीत वाजले नाहीत तर मंचावरची जागा जाणार होती, म्हणून तारांचा आवाज टिपणारा पिकअप त्यांना निवडायचा होता. हंबकर नावाचे जुळे पिकअप भाऊ भांडतच आले. "भांडखोर नकोत!" म्हणत रावांनी होला हो म्हणणारा एकटा पिकअप घेतला.

मंचावर आवाज चढवताच सुरांऐवजी आसपासच्या विजेची नुसती घूंघूं. "बंद करा!" लोक ओरडले. घाबरून रावांनी जुळ्यांना बोलावले.

"काका, मी घूं केलं की हा उलट घूं करतो," थोरला कुरकुरला.

"म्हणून तर दोन्ही घूं एकमेकांत जिरतात, शहाण्या!" धाकटा म्हणाला. "सूर मात्र दोघं एकच धरतो ना?"

मग सूर असा गडगडला की लोक उभे राहिले. राव ओशाळले. "जन्मभर माझ्याच मताला दुजोरा देणारी पुस्तकं वाचली," ते पुटपुटले, "आणि त्या घूंघूंला विद्वत्ता समजलो!"