दहा पावलांवरचे रांजण

एका गावात एक कुंभाराचं घर होतं आणि त्या घरात दोन जावा नांदत होत्या. पुरुष रांजण घडवायचे, भाजायचे. बायका ते रंगवायच्या. रंगांची पेटी थोरलीच्या ताब्यात असे. वर्षापूर्वी धाकटी लग्न होऊन आली आणि तिचा हात चांगला निघाला. "पोरीच्या बोटांत काहीतरी आहे हो," असं शेजारणी म्हणाल्या. तेव्हापासून थोरलीला जेवण गोड लागेना.

त्या साली राजाने वाटेवर पाणपोया उभारायचं ठरवलं. चाळीस रांजणांचं काम या घराला मिळालं. कारभाऱ्याने करार अंगणात वाचून दाखवला: अंगाला गेरू, गळ्याखाली तीन पांढरे पट्टे, आणि दहा पावलांवरून पाहता सगळे रांजण एकसारखे दिसावेत.

सासू म्हणाली, "दोघी वीस-वीस रंगवा. जिचे जास्त पसंत पडतील तिला पेटी. बरोबरी झाली तर पेटी आहे तिथंच राहील."

थोरली कामाला बसली खरी, पण नजर सारखी अंगणापलीकडे. धाकटीने पट्टा ओढला की हिची मान वळायची. तेवढ्यात आपला पट्टा कुठं वळला, हे काही तिला कळायचं नाही.

ठरल्या दिवशी कारभारी आला. रांजण ओळीने मांडले होते. त्याने दहा पावलं मोजली, कपाळावर हात धरून नीट पाहिलं आणि म्हणाला, "चाळीसच्या चाळीस पसंत."

म्हणजे बरोबरी. पेटी थोरलीकडेच राहिली होती. थोरलीने आता फक्त गप्प बसायचं होतं. पण त्या चाळिसांत धाकटीचेही वीस होते, आणि ते काही तिला सोसेना.

"कारभारी, जरा जवळ येऊन बघा की. हिचे पट्टे थरथरलेत."

"करारात दहा पावलं लिहिलीत, बाई."

"तहानलेला माणूस दहा पावलांवरून पाणी पितो होय?"

कारभारी हसला. "हे मात्र खरं. बघू जवळून. पण मग सगळेच बघू."

धाकटीचे सात रांजण बाजूला निघाले. थोरलीने हसू पदराआड लपवलं. मग कारभारी तिच्या ओळीकडे वळला. त्याने एक बाजूला काढला, दुसरा काढला, आणि थांबला तेव्हा अकरा निघाले होते.

सासूने पेटी उचलली आणि धाकटीपुढे ठेवली.

दुपारी दोघी अठरा रांजणांचे पट्टे खरवडायला बसल्या.

"जाऊबाई," धाकटी हळूच म्हणाली, "पट्टा ओढताना तुम्ही श्वास रोखता ना?"

"तुला गं कसं ठाऊक?"

"रोज चोरून बघत होते. तुमच्यासारखा हात का नाही आपला, म्हणून जळायचे. त्या बघण्यातच माझे सात बिघडले."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मग कितीतरी दिवसांनी मान खाली घालून ती आपल्या हातातल्या रांजणाकडे बघू लागली.

तात्पर्य: दुसऱ्याचं उणं दिसावं म्हणून माप कडक करायला गेलो, तर त्याच मापाने आपणही मोजले जाऊ, हे आधी ध्यानात घ्यावं.