बगळीची सावली

फार फार पूर्वी, तळ्यांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, काठावरच्या बाभळीवर एक बगळी राहायची. आपल्या पिल्लाला ऊन लागू नये म्हणून ती दिवसभर घरट्यावर एका पायाने, पाठ वाकवून उभी असायची. आईपण नीट जमतंय की नाही याची तिला खात्री नव्हती; निदान सावलीत तरी चूक नको.

हळूहळू तिचा गुडघा आखडला, मान धरली. खालून पाणकोंबडी म्हणायची, "अगं, पाय तरी बदल. जरा पंख झाड."

"मी हलले की सावली हलते, ताई."

"मग पिल्लू सरकेल की. त्याला काय पाय नाहीत?"

बगळीला ते पटलं. पण उद्यापासून, उद्यापासून म्हणता म्हणता पिल्लाला पंख फुटले.

उडायच्या दिवशी पिल्लू फांदीवर एका पायाने, पाठ वाकवून उभं राहिलं.

"अरे, ताठ उभा राहा की."

"मोठे असेच उभे राहतात ना, आई? मी रोज सराव केलाय."

बगळीने कळ सोसत दुमडलेला पाय खाली टेकवला. "नाही रे राजा. मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही."

तिचं पाहून पिल्लानेही दुसरा पाय टेकवला, आणि एवढ्याशा वयात ते कण्हलं.