कोंडाईचं चाटण

घाटात सडक नव्हती, मीठ बैलांच्या पाठीवरून डोंगर चढायचं, आणि कोळदऱ्यात बाहेरचा माणूस वर्षाकाठी एखादाच दिसायचा, त्या काळातली ही हकिगत. किती वर्षं झाली ते कुणी मोजलेलं नाही. गावातले म्हातारे सांगतात, आमच्या आज्याच्या आज्याने कोंडाईला पाहिलं होतं. त्यांचे आजेही हेच सांगायचे.

कोळदरा म्हणजे तीस-बत्तीस घरांचं कोळ्यांचं गाव. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये दरी. नाचणी-वरई पिकायची ती पोटापुरती. गावाची खरी दौलत होती गुरं. काळीपांढरी, ठिपक्यांची, धो धो पावसातही अंग न काकडणारी डांगी गुरं. कोळदऱ्यात जन्मलेला गोऱ्हा तीन वर्षांचा झाला की खालच्या देशावरचे शेतकरी तो नांगराला नेत आणि त्याच्या बदल्यात ज्वारी, कापड, लोखंड देत. वासरं जगली तर गाव जगायचं, असा सरळ हिशोब.

ही वासरं राखायचं काम कोंडाबाईकडे होतं. लग्न होऊन या गावात आली, तिसऱ्या वर्षी नवरा मधाचं पोळं काढताना कड्यावरून पडला. मूलबाळ झालं नव्हतं. माहेरी परत जायला माहेरही उरलं नव्हतं. गावाने तिला वासरांमागे धाडलं आणि घरटी पायलीभर नाचणी ठरवून दिली. ती सकाळी निघायची, दिवसभर वासरांत असायची. माणसांशी बोलणं कमीच. लग्नकार्यात तिला कुणी बोलवत नसे, आणि वाटेत समोरून आली तर बायका पदर सावरून बाजूला होत. तिला त्याचं वाईट वाटायचं, पण वासरं तिला पाहून हंबरायची, एवढ्यावर तिचा दिवस निघून जायचा.

मग ती तीन वर्षं आली.

पहिल्या वर्षी अकरा वासरं गेली. दुसऱ्या वर्षी एकोणीस. वर्षा-दीड वर्षाची पोरं ती. पोट माठासारखं फुगायचं आणि पाठ मात्र करवतीसारखी वर यायची. अंगावरचे केस राठ होऊन उभे राहायचे. हगवण लागायची, जबड्याखाली पाणी भरून पिशवी लोंबायची, आणि एके सकाळी वासरू उठायचंच नाही. त्यात आणखी एक चमत्कारिक गोष्ट. ही वासरं गवत सोडून भलतंच खायची. भिंती चाटायची, चुलीतली राख खायची, वाळत घातलेलं धोतर चघळायची. गावचा म्होरक्या हैबतीबाबा, त्याचं अख्खं घोंगडं एका कालवडीने संपवलं असं म्हणतात.

लोकांनी काय करायचं बाकी ठेवलं? डोंगरावरच्या देवाला कोंबडे झाले, बकरे झाले. गावचा भगत धावजी, त्याने दरीच्या चारी वाटांवर उतारे ठेवले. वासरांचे हाल बघवेनात म्हणून माणसांनी मायेने त्यांना झऱ्याखालच्या कुरणात बांधायला सुरुवात केली. तिथलं गवत गुडघाभर, हिरवंगार, बारमाही ओलं. सगळ्यात चांगला चारा लेकरांना, असं म्हणून पहाटेपासून वासरं तिथंच. आणि जितकी जास्त ती तिथं चरली, तितकी लवकर मेली.

तिसऱ्या वर्षी पौषात हैबतीबाबाने गाव गोळा केलं. तो म्हणाला, ही दरी आता आपली राहिली नाही. होळी झाली की घरं मोडायची, भांडीकुंडी उचलायची आणि देशावर जाऊन कुणाच्या तरी रानात राबायचं. बाया रडल्या. तेव्हा गावात पंचवीस वासरं उरली होती.

कोंडाबाईची स्वतःची म्हणावी अशी एकच कालवड होती. तिची आई दरडीवरून पडून मेली, तेव्हा कोंडाबाईने चिंधी दुधात बुडवून तिला पाजलं होतं. नाव ठेवलं होतं ठिपकी. या सभेनंतर चारच दिवसांनी ठिपकी खाली बसली ती उठेना. शेजाऱ्यांनी सांगितलं, रानात सोडून दे. कोंडाबाईला ते जमेना. रानात कोल्हे जिवंतपणीच लचके तोडतात हे तिने पाहिलं होतं. मरायचंच तर कोरड्या जागी, उन्हात, माझ्या मांडीवर मरू दे, असं तिने ठरवलं. आणि वर्षाची ती कालवड पाठीवर बांधून कोंडाबाई डोंगर चढली. पाच पुरुषांना जे झेपलं नसतं ते ती बाई एकटी घेऊन गेली, असं म्हणतात. पण वासरू तेव्हा नुसतं हाडाकातड्याचं उरलं होतं, हेही खरं.

वर पठार आहे. बोडकं, वाऱ्याचं, आखूड गवताचं. तिथं कुणी वासरं नेत नसे, कारण चारा थोडा. कोंडाबाई खडकाला टेकून बसली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ठिपकी पोटावर सरपटत सरपटत एका कपारीकडे गेली आणि तिथली पांढुरकी माती चाटायला लागली. रानातली सांबरंही तिथंच चाटत असावीत, कारण खडकाला जिभांनी खळगा पडला होता. शेजारी सांबराचं एक जुनं, पावसापाण्याने पांढरं झालेलं हाड पडलं होतं. ठिपकीने ते तोंडात धरलं आणि चघळत राहिली. कोंडाबाई ते काढून घेणार होती. मग तिला वाटलं, मरताना तरी हिच्या मनासारखं होऊ दे.

ठिपकी मेली नाही. सहाव्या दिवशी थरथरत उभी राहिली आणि तिने शेण टाकलं. त्या शेणात कोंडाबाईला शेवयांसारखे पांढरे जंत वळवळताना दिसले. ती उकिडवी बसून कितीतरी वेळ बघत राहिली. आणि तीन वर्षं जे कुणाला उमगलं नव्हतं ते तिला उमगलं. वासरू खातंय, पण जेवतोय दुसराच कुणी. आत बसलेला तो जीव सगळा कस ओढून घेतो, म्हणून हे लेकरू भिंती चाटतं, राख खातं, हाडं शोधतं.

लहानपणी पोटात जंत झाले की तिची आई पळसाच्या बिया कुटून गुळातून द्यायची. कोंडाबाईने पठाराच्या उतरणीवरून पळसपापड्या गोळा केल्या, दगडावर वाटल्या, घोटभर पाण्यात कालवून ठिपकीला पाजल्या. दोन दिवसांत ओंजळभर जंत पडले. महिन्याभराने ठिपकीच्या अंगावरचे केस बसले आणि कातडी तेल लावल्यासारखी चमकू लागली.

होळीला आठ दिवस राहिले असताना कोंडाबाई ठिपकीला घेऊन गावात उतरली. लोक घरांची छपरं उतरवायला लागले होते. ते थांबले. तिने हैबतीबाबाला सगळं सांगितलं आणि उरलेली वासरं पावसाळा सरेपर्यंत आपल्याकडे मागितली. खालच्या कुरणात एकही वासरू जाता कामा नये, तिथं जास्त चरली तीच आधी मेली, तिथल्या ओल्या गवतातूनच हा जंत पोटात जातो, असं ती म्हणाली. मोठी गुरं चरू देत, त्यांना सोसतं.

हाडांची गोष्ट ऐकून धावजी भगत उठला. गाईच्या वासराला हाड चारणं म्हणजे महापाप, या बाईच्या पायगुणानेच हे सगळं झालं असेल, असं तो बोलला. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

कोंडाबाई इतक्या माणसांसमोर कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "धावजीदादा, हाड मी नाय चारलं. तिनं शोधून खाल्लं. तिच्या हाडांना जे पायजे ते ती मागती. मुकं जनावर मागतंय ते द्यायचं नाय, यात कुठलं पुण्य हाये?"

हैबतीबाबा बराच वेळ ठिपकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "घेऊन जा, पोरी. तशीही मरणारच हायेत. घरं पाऊस सरल्यावर मोडू."

धावजीने तेवढी आपली कालवड दिली नाही, बाकीची तेवीस तिच्या हवाली झाली. पण नुसती पठाराची माती तेवीस वासरांना पुरणार नव्हती. मीठ हवं होतं, आणि गावात मीठ चिमटीने वापरायचं. वासरं शेजारणीच्या भरवशावर ठेवून कोंडाबाई घाट उतरून कोकणात गेली. खाडीकाठच्या मिठागरात एक आगरी बाई लाकडी फळ्याने मीठ ओढत होती. कोंडाबाईने तिला वासरांचं दुखणं सांगितलं. त्या बाईच्या दारातही गाय होती. तिने बांधाकडेला पडलेलं चिखलाचं काळं मीठ दाखवलं. माणसं हे खात नाहीत, म्हणाली, लागेल तेवढं ने. वर आपल्या डोक्यावरची चुंबळही काढून तिला दिली. परतताना घाटात अवकाळी पाऊस झोडपून गेला, कोंडाबाई नखशिखांत भिजली, पण पाटीतलं मीठ खडाभरही विरघळलं नाही, असं म्हणतात.

मग तिने रानातली पडलेली हाडं गोळा केली, पांढरीफेक होईतो भाजली, कुटून पीठ केलं. त्यात काळं मीठ, वारुळाची माती आणि लाकडाची राख घातली. सगळं मळून ते चाटण पठारावरच्या त्या खडकाच्या खळग्यात थापलं. वासरं तुटून पडली. दर अमावास्येला पळसपापडीचा घोट. सकाळी दव सुकल्याशिवाय चरायला सोडणं नाही. आणि चरायचं ते पठाराचा एक तुकडा आज, दुसरा उद्या, पुन्हा त्याच जागी लवकर फिरकायचं नाही.

पावसाळाभर कोंडाबाई पाल्याच्या झोपडीत वरच राहिली. वारा असा की उभं राहता येत नसे. श्रावणात दोन वासरं गेली. फार पुढे गेलेली होती ती. तिने त्यांना स्वतःच्या हाताने खड्डा खणून पुरलं आणि दोन दिवस चूल पेटवली नाही. बाकीची एकवीस तिच्याभोवती येऊन बसली.

भाद्रपदातल्या एका दुपारी ढग उघडले आणि तिला चढणीवर माणूस दिसला. धावजी भगत होता. खांद्यावर घोंगडीचं गाठोडं. पाठीमागे दाव्याला त्याची स्वतःची कालवड, पोट फुगलेली, जबड्याखाली पिशवी लोंबणारी. त्याने गाठोडं खडकावर ठेवून सोडलं. आत हाडं होती. सारं रान धुंडाळून, धुऊन, पुसून आणलेली. भगताच्या हाताने.

कोंडाबाईने कालवडीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग मोगऱ्यासारखा पांढरा पडला होता. तिने घोट पाजला, तोंडाशी चाटण धरलं. मग धावजीला भाकर वाढली.

निघताना तो म्हणाला, "जगंल का, कोंडाई?"

त्या दिवसापर्यंत तिला कुणी आई म्हटलं नव्हतं. तिने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे टिपले. ती म्हणाली, "जगंल."

आणि ती जगली.

दसऱ्याला कोंडाई बावीस वासरं आणि ठिपकी घेऊन खाली उतरली. सगळं गाव वेशीवर उभं होतं. वासरांची अंगं अशी तुकतुकत होती की समोरच्या डोंगरावरच्या गुराख्यांचे डोळे दिपले, असं म्हणतात. हैबतीबाबाने त्याच संध्याकाळी आपल्या छपराला नवा पेंढा घातला, आणि ते पाहून सगळ्यांनी घातला. घरं मोडायची भाषा पुन्हा कुणी केली नाही.

पुढे कोंडाई खूप जगली. दहा दऱ्यांतले लोक तिच्याकडे वासरं आणत. ती पापणी ओढून बघायची आणि सांगायची, हिला घोट हवा, हिला नको, हिला नुसतं मीठ कमी पडलंय. डोळ्यातून तिला पोटातला जंत दिसतो, अशी ख्याती झाली. ती झोपडीबाहेर आली की रानातली सांबरंही खडकाशी उभी राहायची, पळायची नाहीत.

शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिने म्हाताऱ्या धावजीला बोलावून घेतलं. आपली हाडं नदीत सोडू नका, असं तिने सांगितलं. भाजून, कुटून चाटणात घाला. लोक हबकले. बाईमाणसाच्या अस्थींचं असं करायचं, तिला गती कशी मिळेल, असं म्हणू लागले. धावजी म्हणाला, पाप लागलं तर माझ्या माथी. आणि ती गेल्यावर त्याने स्वतः ते चाटण मळून खडकावर थापलं. त्या सकाळी सगळ्या गोठ्यांतली वासरं दावी तोडून पठारावर आली. एकही हंबरलं नाही, एकाने दुसऱ्याला ढुशी दिली नाही. खडक कोरडा होईपर्यंत ती चाटत होती, आणि गाव उन्हात उभं राहून पाहत होतं.

आता पठारापर्यंत जीप जाते. सरकारी डॉक्टर येतात, जंताचं औषध नळीने पाजतात, खनिज मिश्रणाच्या पिशव्या देतात. ते औषध पाजलं की कोळदऱ्यात म्हणतात, कोंडाईचा घोट झाला. खालच्या कुरणात आजही कुणी वासरू बांधत नाही. आणि दर ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आत, सगळं गाव पठारावर चढतं. पिशवीतलं मिश्रण आणि घाटाखालून आणलेलं मीठ परातीत ओततात. ते मळायचा मान गावातल्या विधवा आणि लेकरू नसलेल्या बायांचा. हैबतीबाबाच्या घरातली सून त्यांचे पाय धुते, कपाळाला हळद लावते. मग त्या कोपरापर्यंत हात घालून चाटण मळतात, खडकावर थापतात आणि वासरांना हाका मारतात. कोणतं वासरू कुणाचं ते नावानिशी माहीत असतं, तरी त्या दिवशी मालकाचं नाव घ्यायचं नाही अशी रीत आहे. त्या म्हणतात, या गं माझ्या बायांनो, या. आणि वासरं धावत येतात.