तेल लावलेली वेणी

“केस धू तिचे,” इसिपाल पुन्हा म्हणाला. “माती लाव, राख लाव, काय वाटेल ते कर. पण दुपारच्या आत ते तेल मला दिसता कामा नये.”

“राख तुझ्या डोक्याला लाव,” सामडी म्हणाली. “तुला शोभेल. आणि पोरीच्या केसांना हात लावलास तर मनगटाला चावेन. दात थोडेच उरलेत, पण आहेत ते घट्ट आहेत.”

पूर्वी गोदेच्या काठी पोतली नगरात अश्मकराजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व चिताऱ्यांच्या कुळात जन्मले होते, आणि ज्या सकाळची ही गोष्ट आहे त्या सकाळी हातात रंगाची शिंपली धरून ते या भांडणात उभे होते. समोर खाटेवर नागुली बसली होती. सामडीची नात, सात-आठ वर्षांची. उजवा पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला, आणि पाठीवर काळीभोर, चकचकीत, घट्ट वेणी. भांडण त्या वेणीचे होते.

सामडी लव्हाळ्याच्या चटया विणून पोट भरणारी. त्या वर्षी गोदेला पूर आला आणि काठची सगळी वस्ती रात्रीत धुऊन निघाली. सामडीचा मुलगा आणि सून पाण्याबरोबर गेली. नागुलीच्या पायावर घराचे आढे पडले, म्हणून ती तेवढी अडकून राहिली आणि वाचली. वाचलेल्यांना वेशीबाहेरच्या दानशाळेत आणून टाकले. इसिपाल हा त्या दानशाळेचा कारभारी. तो वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण तो वाईट असता तर ही गोष्ट फार सोपी झाली असती.

दानशाळा सखल जागी होती. तिथे चिखल होता, माश्या होत्या, जखमांचा वास होता. नगरातल्या लोकांना दया येत नव्हती असे नाही. दया सगळ्यांना येत होती, पण ती घरबसल्या येत होती. वेशीपर्यंत चालत जायची वेळ आली की कुणाचे गुडघे दुखायचे, कुणाकडे पाहुणे यायचे.

इसिपालने मग एक युक्ती काढली. भर चव्हाट्यावर त्याने एक मोठे वस्त्र टांगले आणि बोधिसत्त्वांकडून त्यावर चित्र काढून घेतले. खाली तांब्याचा रांजण ठेवला. रांजणाशेजारी शंखवाला बसवला. कुणी रांजणात काही टाकले की शंख वाजायचा आणि देणाऱ्याचे नाव चारी रस्त्यांना ऐकू जाईल असे पुकारले जायचे. स्वतः यायलाच हवे असेही नव्हते. गड्याच्या हाती पाठवले तरी चालायचे. आपण माडीवर पान खात बसावे आणि खालून आपलेच नाव ऐकावे, इतकी ती सोय होती.

पहिल्यांदा बोधिसत्त्वांनी सगळा पूर काढला. बुडालेली छपरे, वाहून चाललेली गुरे, झाडांवर बसलेली माणसे. लोक थांबायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, “पाणी काय सुंदर काढलंय.” मग पुढे जायचे. शंखवाल्याला झोप यायची.

“माणसं फार झाली यात,” इसिपाल म्हणाला. “एकच काढा. पोर काढा. आणि ती बघणाऱ्याकडे बघतेय असं काढा.”

वैद्याने पाय बांधला तेव्हा नागुली रडली होती. एरवी ती फारशी रडणारी पोर नव्हे. बोधिसत्त्वांनी तेवढाच एक क्षण उचलला आणि वस्त्रावर ठेवला. पिंजारलेले केस, ओघळलेले गाल, थेट तुमच्याकडे लागलेले डोळे.

त्या दिवसापासून शंखवाल्याचे ओठ फुटायची वेळ आली. कुणी त्या डोळ्यांकडे बघून दिले. कुणी शेजाऱ्याचे नाव पुकारलेले ऐकून दिले. एका घरातल्या दोन जावांनी एकमेकींवर कुरघोडी करता करता हातातल्या बांगड्या रांजणात टाकल्या. श्रेष्ठी भूतपाल नगरातला सर्वांत मोठा व्यापारी. त्याने दिले आणि ते पुकारणाऱ्याला नीट पुकारता आले नाही म्हणून पुन्हा दिले. दानशाळेत दूध आले, तूप आले, तेल आले. नागुलीच्या पायाला वैद्य रोज औषधी तेल चोळू लागला. “हाड धरेपर्यंत खंड पडू देऊ नका,” तो म्हणाला. “मध्ये थांबलात तर पाय वाकडा राहील, मग माझ्याकडे येऊ नका.”

दात्यांना इसिपालने आणखी एक वचन दिले होते. दर पौर्णिमेला त्यांनी दानशाळेच्या सज्जात यावे आणि आपल्या दानाची पोर आपल्या डोळ्यांनी बघावी. सज्जा उंच होता. तिथे वास येत नसे.

पहिल्या पौर्णिमेला नगरातली बडी माणसे नटूनथटून सज्जात जमली. खाली अंगणात सामडी नातीला कडेवर घेऊन आली, आणि बोधिसत्त्वांना त्या दोघी क्षणभर ओळखूच आल्या नाहीत. सामडीने पोरीला रिठ्याने न्हाऊ घातले होते. केसांना तीळतेल चोपडून वेणी घातली होती, वेणीत कण्हेरीचे फूल खोवले होते. स्वतः कुणाचे तरी धुवट लुगडे मागून नेसली होती. “वर बघ आणि हस,” तिने पोरीच्या कानात सांगितले. नागुली वर बघून हसली. पुढचा एक दात पडलेला होता.

वर कुणीच हसले नाही. बोधिसत्त्वांचे आयुष्य माणसांचे चेहरे बघण्यात गेले होते. असा चेहरा त्यांनी बाजारातच पाहिला होता, पिकलेला म्हणून घेतलेला आंबा आतून कच्चा निघाल्यावर गिऱ्हाईक करते तसा.

“ही ती नव्हेच,” कुणीतरी म्हणाले.

“तीच आहे,” इसिपाल म्हणाला. “पाय बघा ना.”

“पाय राहू दे,” भूतपाल म्हणाला. “वेणी बघ. आमच्या पोरींच्या डोक्याला एवढं तेल नसतं.”

दुसऱ्या दिवशी शंख वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नगरात बोलवा झाली की दानशाळेतले लोक मजेत आहेत, दुधातुपात लोळताहेत, पोरींना फुले माळताहेत. महिना सरत आला तसे आधी दूध गेले, मग तूप गेले. पेजेत तांदूळ शोधावा लागू लागला. शेवटी वैद्याचे तेलही संपले. नागुलीच्या पायाला त्यानंतर कुणी हात लावला नाही.

आणि आज पुन्हा पौर्णिमा होती. इसिपालने हातापाया पडून दात्यांना आणखी एकदा बोलावले होते. त्याला फाटके वस्त्र, राखेतली पोर आणि नवे रडके चित्र हवे होते. सामडीने मात्र सकाळी उठून आधी वेणी घातली होती.

“तेल तू पायाचं चोरलंस,” इसिपाल म्हणाला.

“माझ्या दिव्याचं आहे,” सामडी म्हणाली. “संध्याकाळी दिवा लावत नाही मी. अंधारात जेवते. तुझ्या पेजेत बघण्यासारखं असतं तरी काय?”

“अगं, मी हे माझ्या घरी नेतो का? इतकी माणसं पडलीत इथे. तुझ्या नातीच्या एका वेणीपायी यांनी उपाशी मरायचं?”

हा घाव बसला. सामडीने मान वळवून खाटांच्या रांगेकडे पाहिले. शेजारच्या खाटेवर एक आंधळा नावाडी पडून होता. डोळे जाण्याआधी, पुराच्या रात्री त्याच्याच होडीतून सामडीचे शेजारी बाहेर आले होते. तो हळूच म्हणाला, “धू गं सामडे. केसच आहेत. पुन्हा वाढतील.”

“केस वाढतील रे,” सामडी म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. मग ती बोधिसत्त्वांकडे वळली. “आणि तू काय खांबासारखा उभा? काढणार आहेस का तिला रडताना?”

“आज ती रडत नाहीये,” बोधिसत्त्व म्हणाले.

“रडेल की,” इसिपाल म्हणाला. “कामट्या जरा आवळल्या की रडेल.”

तो हे बोलून गेला. नागुलीने दोन्ही हातांनी आपला पाय झाकून घेतला.

बोधिसत्त्वांनी शिंपली खाली ठेवली. “इसिपाला, ही जशी बसलीय तशी काढायची असेल तर आत्ता काढतो. वेणीसकट, फुलासकट. त्याला कुणी काही दिलं नाही तरी काढतो. पण माझ्या चित्रासाठी हिचा पाय आवळायचा असेल तर दुसरा चितारी बघा. राजवाड्याच्या भिंतींचं काम तुम्ही मला मिळवून देणार होतात, तेही दुसऱ्यालाच द्या.”

“तुमचं काय जातंय,” इसिपाल कडवटपणे म्हणाला. “तुम्ही चांगले राहाल. पेज पातळ मला करावी लागते.”

बोधिसत्त्व खाटेशी, नागुलीच्या पायाजवळ जाऊन बसले.

तेवढ्यात वर सज्जात पावले वाजली. श्रेष्ठी भूतपाल वेळेआधीच आला होता आणि त्याच्यामागे इतरही येत होते. भूतपालने कठड्यावरून खाली वाकून पाहिले. पहिली दिसली ती वेणी.

“पुन्हा तेच,” तो म्हणाला. “इसिपाल, आम्हाला काय डोळे नाहीत?”

“श्रेष्ठी, मी सांगतोय तिला, पण ही म्हातारी ऐकत नाही.”

“म्हातारे,” भूतपाल थेट सामडीला म्हणाला, “आम्ही एका दुःखी पोरीसाठी दिलं होतं. मनापासून दिलं होतं. तू तिला नटवून आमच्यासमोर आणलंस. आमची थट्टा केलीस. घरात खायला नाही आणि डोक्याला तेल. असं कोण करतं? कशासाठी केलंस, एवढंच सांग.”

तसे पाहिले तर हा प्रश्न महिनाभरात तिला कुणीच विचारला नव्हता. इसिपालने नाही, वैद्याने नाही, बोधिसत्त्वांनीसुद्धा नाही. तेही मनात धरून चालले होते की म्हातारीला नातीचे कौतुक, दुसरे काय.

सामडीने वर बघून एकच वाक्य उच्चारले, आणि भांडण तिथेच संपले. ते वाक्य शेवटी येईल. आधी पुढे काय झाले ते ऐकावे, म्हणजे त्या वाक्याने कुणी सुधारले असेल अशी आशा उरणार नाही.

भूतपाल सज्जातून उतरला. घरी जाऊन त्याने अंगावर थंड पाणी घेतले आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या वेशीवरच्या एका आंधळ्या वासरासाठी भरभरून दिले. वासराला कुणी वेणी घालत नाही. इसिपालला नवा चितारी मिळाला, पलीकडच्या गावातून नवी पोर मिळाली, आणि तिला आजी नव्हती. शंख पुन्हा वाजू लागला. दानशाळेत पुन्हा दूध आले. आंधळा नावाडी ते दूध प्यायला आणि जगला. हेही खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

बोधिसत्त्वांकडे एक निळा दगड होता. दूर उत्तरेच्या डोंगरांतून आलेला, उगाळला की मोरकंठासारखा रंग देणारा. राजवाड्याच्या भिंतींसाठी त्यांनी तो जन्मभर जपून ठेवला होता. तो त्यांनी वैद्याला दिला आणि दानशाळा सोडून सामडीने उभारलेल्या नव्या खोपटात जाऊन सांगितले, की उद्यापासून वैद्य येईल.

सामडीने त्यांना उंबऱ्यातच अडवले. “याच्यासाठी पोरीने काय करायचं?”

“काही नाही.”

“बघायला येणार तू तिला?”

“तुम्ही बोलावलंत तर.”

सामडीने आत जाऊन एक नवी चटई आणली आणि त्यांच्या काखेत खोचली. “फुकट नको मला काही,” ती म्हणाली. बोधिसत्त्वांनी ती घेतली. शंख कुठेच वाजला नाही. पण मधल्या दिवसांचा खंड पडायचा तो पडला होता. नागुलीचा पाय थोडा आखूडच राहिला, आणि ती आयुष्यभर एका बाजूला झुकत चालली.

त्या जन्मीचा तो चितारी पुढे अनेक जन्मांनी शाक्यकुळात जन्मून आपला शास्ता, धर्म शिकवणारा गुरू, झाला. बाकीच्यांना मुक्ती मिळाली नाही, ते अजून येत-जात आहेत. इसिपाल आज एका संस्थेच्या कचेरीत बसून फोटो निवडतो. कोणत्या पोरीच्या फोटोवर किती लोक थांबले आणि किती पुढे सरकले, ते त्याला त्याच दिवशी कळते. हसरे फोटो तो बाजूला टाकतो. श्रेष्ठी भूतपाल मोबाईलच्या काचेवर बोट टेकवून देतो, आणि दिल्याबरोबर ते साऱ्या ओळखीपाळखीच्यांना दिसेल असे टाकतो. शंखाचे काम आता तो मोबाईलच करतो. सज्जा तळहातात मावतो. दोघी जावा आहेत, त्या एकमेकींना मिळालेले लाइकचे अंगठे मोजतात. नागुली आहे. सामडीही आहे. व्हिडिओ काढायला माणूस येणार म्हटल्यावर ती अजून सकाळी उठून पोरीला न्हाऊ घालते आणि अजून तिला कुणीतरी सांगते की केस विस्कटू द्या, आजी, असं चालत नाही. आणि चव्हाट्यावर थांबून “पाणी काय सुंदर काढलंय” म्हणणारे कोण, ते आपले आपण ओळखावे.

घेणाऱ्याच्या तोंडावर काय दिसावे याची अट न घालता जे दिले जाते, त्याला दानपारमिता म्हणतात. पारमिता म्हणजे पलीकडच्या तीराला जाणे. तिथे फार थोडे पोहोचले.

तर सज्जाखाली उभी राहून, नातीची वेणी मुठीत धरून, सामडी भूतपालला म्हणाली, “त्या दिवशी आम्ही तुमच्याकडे मागायला नव्हतो आलो, श्रेष्ठी, तुमच्या पाया पडायला आलो होतो, आणि पाया पडायला कुणी पारोसं जात नाही.”