तिळाच्या चिक्कीतले नट

एकदा एक भांडण ऐन रंगात आले असताना एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली, आणि भांडणाऱ्या दोघांपैकी एकाचेही तिच्याकडे लक्ष गेले नाही.

"शब्द तुम्ही दिलात, शेठ. मी पदरचा घातला नाही," म्हातारीची शिष्या म्हणत होती.

"मी चांगला खायचा शब्द दिला होता. त्याचं लोखंड तू केलंस."

"कोशात बघून केलं. मनाने नाही केलं."

"मग कोशालाच कामाला ठेवलं असतं. तो उलट उत्तरं तरी देत नाही."

"उत्तरं देत नाही हेच तर त्याचं दुखणं आहे," म्हातारी दारातून म्हणाली, तेव्हा कुठे दोघे गप्प झाले.

भांडणाचे मूळ असे. घाटमाथ्यावरच्या त्या गावात ढमालेशेठांचा चिक्कीचा कारखाना होता. मेक्सिको देशात दुकान चालवणाऱ्या एका बाईने त्यांच्याकडून चिक्की मागवली, तीही फक्त तिळाची. शेंगदाण्याची मुळीच नको म्हणाली. तिकडची भाषा स्पॅनिश, म्हणून खोक्यावरचा इंग्रजी मजकूर स्पॅनिशमध्ये करून देण्याचे काम हेमांगीकडे आले. हेमांगी नुकतीच ती भाषा शिकून तयार झाली होती आणि हे तिचे पहिलेच काम. ती भाषा तिला शिकवली दारातल्या म्हातारीने. म्हातारीला गावात कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे नुसते 'बाई' म्हणत.

मजकुराच्या शेवटी सावधगिरीची एक ओळ होती: 'यात नट असू शकतात.' काही माणसांच्या प्रकृतीला काजू, अक्रोड, शेंगदाणे असले पदार्थ अजिबात सोसत नाहीत. एखादा दाणा पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास कोंडतो, प्रसंगी जिवावर बेतते. अशांनी आधी वाचावे आणि मग तोंडात घालावे, एवढ्यासाठी ती ओळ. आता इंग्रजीत खाण्याचे नट आणि बोल्टावर पिळायचे नट या दोहोंना शब्द एकच. स्पॅनिशमध्ये मात्र दोन घरचे दोन. खाण्याचे ते 'नुएसेस', लोखंडाचे ते 'तुएर्कास'. हेमांगीने कोश उघडला, समोर आलेला शब्द उचलला आणि ओळ पुरी केली. खोक्यांवर छापून तयार झाले: 'या चिक्कीत तुएर्कास असू शकतात.'

त्या दिवशी सकाळी शेठनी मोठ्या हौसेने खोक्याचा फोटो मेक्सिकोला पाठवला. उत्तरात आधी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग आली, मागोमाग प्रश्न आला: 'खायला दात पुरतील की पाना-पक्कड आणू?' खोकी दुपारी टेम्पोत चढून बंदराला जायची होती. शेठनी तत्काळ हेमांगीला बोलावले, आणि तिच्या गुरूलाही निरोप धाडला, की येऊन आपल्या शिष्येचा पराक्रम बघा.

बाई आल्या, गुळाच्या पोत्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी खोक्यावरची ओळ डोळ्यांजवळ नेऊन वाचली. त्या हसल्या नाहीत.

"बाई, मी दुरुस्ती केलीय," हेमांगी घाईने म्हणाली. "आता 'नुएसेस' लिहिते. पट्टी छापून वरून चिकटवली की झालं."

"या खेपेला तरी खायचं आहे ना ते?" शेठ म्हणाले. "का आता अडकित्ता लागणार?"

"खायचंच आहे. अगदी खात्री आहे माझी."

"तुझी खात्री मी सकाळपासून खोक्यावर वाचतोय."

बाईंनी खोके खाली ठेवले. "हेमे," त्या म्हणाल्या, "आत जा आणि एक नट घेऊन ये."

"कोणता नट?"

"नट म्हटलं ना मी? घेऊन ये."

हेमांगीला वाटले, म्हातारीचे डोके फिरले. घड्याळ पळते आहे, शेठ धुमसतो आहे, आणि हिला खेळ सुचतो आहे. पण बाईंपुढे फार बोलायची सोय नव्हती. ती उठून कारखान्यात गेली.

आधी तिला भेटले यंत्राचे काम पाहणारे मुलाणीचाचा. "नट पाहिजे? कितीचा? कशाला बसवायचाय?"

"ते ठाऊक नाही."

"मग देऊ कसा, बेटा? भलताच बसवलास तर चालू यंत्र अंगावर येईल."

पॅकिंगच्या बायकांत तर हसण्याची लाटच उठली. "नट हवाय? सुमनचा नवरा घेऊन जा की. गणपतीच्या नाटकात दर वर्षी राजा होतो आणि वर्षभर घरात तोच तोरा."

"न्या खुशाल," सुमन खोक्याला चिकटपट्टी ओढत म्हणाली. "परत नाही दिला तरी तक्रार नाही. पण कशाला नेताय ते सांगा, म्हणजे मिशा लावून पाठवते की बिनमिशांचा."

शेवटी गोदामातल्या कारकुनाने चष्मा वर करून विचारले, "सुका मेवा म्हणताय का? काजू देऊ की बदाम? आणि कशाला हवाय, लाडवात घालायला का वरून लावायला?"

हेमांगी रिकाम्या हाताने परत आली.

"आणलास?" बाईंनी विचारले.

"नाही मिळाला. जो तो एकच विचारतो, कशाला हवाय. मला काय ठाऊक कशाला हवाय? तुम्ही सांगितलंच नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं की. कोणता म्हणून विचारलं."

"कोणता हे विचारलंस. कशाला हे विचारलं नाहीस. कशाला ते कळलं की कोणता हे आपोआप कळतं." बाईंनी पदर सारखा केला. "ऐक, आणि शेठ, तुम्हीही ऐका. बोटाएवढं लोखंड हातातून द्यायचं, तर मुलाणी विचारतो कशाला. थट्टेत का होईना, सुमन नवरा द्यायच्या आधी विचारते कशाला. वस्तू हातची जाते तेव्हा माणूस विचारतो. शब्द दिल्याने कोणाचं काही जात नाही असं वाटतं, म्हणून तुम्ही तो न विचारता दिलात आणि हिने न विचारता घेतला. हिला वाटलं, विचारलं तर शेठ म्हणतील हिला भाषा येत नाही. तुम्हाला वाटलं, उलगडून सांगितलं तर ही म्हणेल यांना इंग्रजी कळत नाही. दोघांनी आपापली अब्रू झाकली आणि ओळ उघडी पडली. कोश खोटं बोलत नाही हो. पण कोश चिक्की खात नाही. त्यात अर्थ रांगेने उभे असतात, हाक मारशील तो पुढे येतो. हाक कोणाला मारायची, ते खाणाऱ्याकडे बघून ठरवावं लागतं."

शिकलेल्या माणसाला 'मला ठाऊक नाही, तुम्ही सांगा' एवढे पाच शब्द म्हणायचे म्हणजे जिभेवर धोंडा ठेवल्यासारखे होते. हेमांगी शिकलेली होती. तिच्याही जिभेवर तो धोंडा होता. तिने तो खाली ठेवला.

"शेठ," ती म्हणाली, "तिळाच्या चिक्कीत तुम्ही काय घालता?"

"तीळ आणि गूळ. थोडं तूप, वेलची."

"काजू? अक्रोड?"

"अक्रोड माझ्या बापाने या कारखान्यात पाहिला नाही."

"मग ही ओळ कशाला आहे?"

हा प्रश्न शेठना आजवर कोणी विचारला नव्हता. "कढई एकच आहे ना," ते म्हणाले. "आधी शेंगदाण्याचा घाणा निघतो, मग त्याच कढईत तिळाचा. लाटायचा ओटाही तोच. आम्ही पुसतो, अगदी स्वच्छ पुसतो. पण कूट कुठे ना कुठे राहतंच. दिसत नाही, पण राहतं. म्हणून ती ओळ."

हेमांगीच्या हातातला पट्टीचा कागद तिथेच थांबला. स्पॅनिशमध्ये 'नुएसेस' म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे येतो अक्रोड आणि अक्रोडाचे भाऊबंद. शेंगदाण्याला तिकडे वेगळे नाव आहे. जिच्या मुलाला शेंगदाणा सोसत नाही अशी एखादी आई ही पट्टी वाचेल, 'अक्रोड होय, मग हरकत नाही' म्हणेल आणि तिळाची वडी निश्चिंत मनाने त्याच्या हातात देईल. पहिली चूक निदान ओबडधोबड होती. तिला कोणीतरी हसले, म्हणून ती सापडली. ही दुसरी चूक नीटनेटकी होती, अंगावर शहाण्यासारखे कपडे घालून आलेली. तिला कोणी हसले नसते.

तिने तो कागद चुरगळून टाकला.

"शेठ, मेक्सिकोच्या बाईंना फोन लावा," ती म्हणाली. "तिकडे आत्ता रात्रीची जेवणं चालू असतील. उचलतील त्या."

"अजून हसायला?"

"मला त्यांना विचारायचंय, चिक्की खाणार कोण."

फोन लागला. पलीकडून आधी हसू आले, पानापक्कडीचा विनोद पुन्हा आला. हेमांगीने तो ऐकून घेतला आणि शांतपणे स्पॅनिशमध्ये सांगितले, की ते नट लोखंडाचे नव्हेत आणि अक्रोडही नव्हेत, ते शेंगदाणे आहेत. तुमच्याकडे म्हणतात ते काकावाते. ते चिक्कीत घातलेले नाहीत, पण त्याच कढईतून येतात.

पलीकडचे हसू कात्रीने कापावे तसे थांबले. मग ती बाई बोलू लागली, भरभर, मध्येच अडखळत. शेठना त्यातले एक अक्षर कळत नव्हते. ते हेमांगीचा चेहरा वाचत होते, आणि तो चेहरा पांढरा पडत चालला होता.

"काय म्हणते?" त्यांनी न राहवून विचारले.

"त्यांच्या बहिणीचा मुलगा आहे," हेमांगी म्हणाली. "लहान आहे. त्याला शेंगदाणा चालत नाही. एकदा चुकून खाल्ला तेव्हा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. म्हणूनच त्यांनी शेंगदाण्याची नको, तिळाचीच पाठवा म्हणून सांगितलं होतं. पहिलं खोकं त्याच्या वाढदिवसाला फोडायचं होतं."

ढमालेशेठ गुळाच्या पोत्यावर बसले. त्यांच्या घरीही रोज संध्याकाळी दाराशी येऊन 'आज्या, चिक्की' म्हणून हात पुढे करणारा नातू होता.

"आता काय म्हणते?"

"आभार मानतायत. मघापासून तेच चाललंय." हेमांगीने डोळे पुसले आणि तिचे तिलाच हसू आले. "म्हणतात, खोकी पाठवा. बाकीच्यांना काही त्रास नाही, दुकानात माल हवाच आहे. त्या मुलाला मात्र देणार नाहीत. काकावाते हा शब्द मोठ्या अक्षरांत हवा, तिळाच्या नावाखाली लगेच, कोपऱ्यात नको."

"मोठा म्हणजे? आंब्याएवढा छापतो. पोराचं नाव काय, विचार."

"मातेओ."

"त्या मातेओला सांग, पुढच्या खेपेची त्याची चिक्की नव्या कढईत होईल. कढई नवी, ओटा नवा, झाराही नवा. शेंगदाण्याला त्या खोलीचा उंबरा ओलांडू देणार नाही. सांग की, बघतेस काय?"

हेमांगीने सांगितले. कढई, ओटा आणि झारा यांना स्पॅनिशमध्ये काय म्हणावे हे तिने कोशात पाहिले नाही. जिथे अडले तिथे पलीकडच्या बाईलाच विचारले, की मोठ्या भांड्यात पाक ढवळायच्या त्या लांब दांड्याच्या वस्तूला तुमच्या स्वयंपाकघरात काय म्हणता. पलीकडून उत्तर आले आणि त्याबरोबर हसू आले. आता ते मोकळे हसू होते, फोनच्या दोन्ही बाजूंना सारखे.

नवी पट्टी छापून आली. बाईंनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि मान हलवली. बायका खोक्यांना पट्ट्या चिकटवू लागल्या. सुमनने हेमांगीला हाक मारून विचारले, नट मिळाला का म्हणून, आणि हेमांगी म्हणाली, मिळाला, पण तुझा नवरा नव्हे. चहा आला. छातीवरचे ओझे उतरले की माणसाला भूक लागते, तशी शेठना लागली. आणि पोटात दोन घास गेल्यावर त्यांना अर्धवट राहिलेले भांडण आठवले.

"ते सगळं ठीक झालं," ते बशीत चहा ओतत म्हणाले, "पण बाई, एकदा ठरवून टाका. चूक कोणाची? शब्द देणाऱ्याची, का शब्द फिरवणारीची?"

"अर्धी माझी," हेमांगी म्हणाली. "अर्धी तुमची."

"अर्धी कशी? लोखंड तू घातलंस, अक्रोडही तूच घालणार होतीस."

"आणि शेंगदाण्याचं मला कोणी सांगितलं? कढई माझ्या घरची आहे का?"

"कढईची गोष्ट वेगळी. मी एवढंच विचारतोय, की उद्या कोणी विचारलं तर दोष नक्की कोणाचा म्हणून सांगायचं?"

बाईंनी कप खाली ठेवला, चप्पल पायात सरकवली आणि उठता उठता म्हणाल्या, "दोष वाटून घ्यायला आधी एखादं लेकरू आजारी पडावं लागतं, शेठ, आणि ते तर तिकडे आत्ता पोटभर जेवून झोपलंय."